बिल्ला की टूल चेक?
आकडा ठोकलेली पितळी चकती दिसली की जुन्या बाजारातला विक्रेता बेधडक सांगतो, "कामगाराचा बिल्ला आहे." आधी उलटून बघा. मागे पिन किंवा पिनेला दिलेला डाग असेल तर बिल्ला. वर नुसतं भोक असेल, तर बहुधा टूल चेक. अमेरिकेतल्या कारखान्यांत कामगाराला एकाच नंबरच्या अशा अनेक चकत्या मिळत. टूल रूममधून मायक्रोमीटर घेतला की त्याच्या जागी खिळ्याला चकती अडकायची. मायक्रोमीटर परत, चकती परत. त्यामुळे एकाच नंबरच्या चार सापडल्या तर लगेच नकली म्हणू नका! (आणि कृपया ब्रासो लावू नका, आकड्यांच्या कडा झिजतात.) फोटोवाले बिल्ले मात्र बरेचसे दुसऱ्या महायुद्धाच्या काळातले. बारीक अक्षरांत 'व्हाइटहेड अँड होग, न्यूअर्क' दिसलं, तर ते कारखान्याचं नाही, बिल्ला बनवणाऱ्या कंपनीचं नाव.