पन्हाळ्याच्या भिंती

उचगावहून कोल्हापूर ओलांडून वायव्येस गेलात की पन्हाळा लागतो. गडाची उंची सुमारे ९७७ मीटर. म्हणजे कोल्हापूरपेक्षा तो ४०० मीटर उंच. एक किलोमीटर चढले की हवा साधारण साडेसहा अंशांनी थंडावते. या हिशेबाने फरक अडीच अंशांचा. मग भर दुपारी अंबरखान्यात शिरताच त्याहून अधिक गार का वाटते?

कारण भिंतीत आहे. जाड दगडातून उष्णता इतकी सावकाश सरकते, की दुपारचे ऊन आत पोचेपर्यंत रात्र होते. जांभ्याच्या जुन्या घरांतही हेच घडते. गडाच्या माथ्यावर जांभाच आहे. खाणीतून काढताना तो मऊ असतो, सहज तासता येतो. हवेत वाळला की टणक होतो. त्याच्या छिद्रांत कोंडलेली हवा उष्णतेला आणखी अडवते.

२०२५ साली युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आलेल्या बारा किल्ल्यांत पन्हाळाही आहे. पाहुणे वाढले, की जुन्या घराच्या जागी भाड्याची स्लॅबची खोली उठते, आणि मागोमाग पंखा! सहलीला जाताना तापमापक न्या. दुपारी दोन वाजता अंबरखान्यात आणि सायंकाळी स्लॅबच्या खोलीत तो टांगून पाहा. आकडे वहीत टिपा आणि सरांना दाखवा.