फ्यूज कोणाचे रक्षण करतो?

घरातला फ्यूज वारंवार उडू लागला, म्हणजे त्यात जाड तार गुंडाळून देणारे एखादे कर्तबगार गृहस्थ प्रत्येक आळीत असत. दिवे लागत, गृहस्थांची वाहवा होई. पण भिंतीतली तार आता निराधार झाली, हे कोणाच्या ध्यानी येत नसे. मोटारीत गाण्यासाठी मोठा अँप्लिफायर बसविताना आजही हीच चूक घडते. तिची किंमत कधी कधी गाडी जळून चुकवावी लागते.

आपण प्रथम हिशेब करू. समजा, अँप्लिफायर ५०० वॅटचा आहे. तो 'डी' वर्गाचा असेल, तर घेतलेल्या शक्तीपैकी सुमारे ८० टक्के कामी लावतो. म्हणजे त्याला ६२५ वॅट पुरविले पाहिजेत. इंजिन चालू असता मोटारीतला विद्युतदाब सुमारे १३.८ व्होल्ट असतो. भागाकार केला की प्रवाह येतो ४५ अँपिअर! घरच्या २३० व्होल्टवर तेवढ्याच शक्तीला तीन अँपिअरही लागत नाहीत. दाब थोडा म्हणून प्रवाह मोठा, आणि प्रवाह मोठा म्हणून तार जाड.

बॅटरीपासून डिकीपर्यंत पाच मीटर तांब्याची तार धरू. ती ४ चौरस मिलिमीटरची असेल, तर जवळजवळ एक व्होल्ट वाटेतच खर्ची पडतो आणि ४४ वॅटची उष्णता गालिच्याखाली साठू लागते. १६ चौरस मिलिमीटरची घेतली, तर तोटा पाव व्होल्टवर येतो. तांब्याचा नुसता मुलामा असलेल्या अॅल्युमिनियमच्या तारेचा रोध सुमारे दीडपट असतो. ती घ्यायची तर आणखी जाड घ्यावी.

आता फ्यूज. अँप्लिफायरला बहुधा त्याचा स्वतःचा फ्यूज असतोच. बॅटरीजवळचा फ्यूज तारेसाठी आहे. पत्र्याला घासून तारेचे आवरण फाटले, तर बॅटरी क्षणात शेकडो अँपिअर सोडते. तो प्रवाह अँप्लिफायरपर्यंत पोचतच नाही. मग तिथला फ्यूज काय करणार? म्हणून तारेचा फ्यूज बॅटरीपासून दीड फुटाच्या आत हवा. त्याचा आकडा गरजेहून थोडा अधिक, पण तारेच्या सहनशक्तीहून कमी असावा. आपल्या उदाहरणात १६ चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या तारेला ६० अँपिअरचा फ्यूज योग्य.

आणि तो उडालाच, तर मोठा फ्यूज आणावयास धावू नये. त्याने आपले काम केले आहे. का करावे लागले, हे शोधणे आपले काम.