पाच किलोमीटरचा समुद्र

मडगावात दक्षिण गोव्याचं जिल्हाधिकारी कार्यालय आहे. जमिनीचे कज्जे, दाखले, निवडणुकीचे अर्ज अशा कामांसाठी तिथं रोज माणसांची वर्दळ असते. इमारतीचं नाव ‘माथानी साल्ढाणा प्रशासकीय संकुल’. गोव्याबाहेरच्या मराठी वाचकाला हे नाव बहुधा ओळखीचं वाटणार नाही. साल्ढाणा कधी मुख्यमंत्री झाले नाहीत, खासदारही झाले नाहीत. आमदारकीही त्यांच्या वाट्याला थोडाच काळ आली. पण किनाऱ्यालगतचा समुद्र छोट्या मच्छीमारांसाठी राखून ठेवावा, या मागणीला देशात कायद्याचं बळ मिळालं, त्या लढ्यात ते पहिल्या फळीत होते. गंमत म्हणजे तो कायदा झाला तेव्हा ते विधानसभेत नव्हतेच.

ही मागणी कळायची तर आधी रापण कळायला हवी.

पावसाळा सरला की बांगडे आणि तारल्यांच्या झुंडी किनाऱ्याजवळच्या उथळ पाण्यात येतात. रापणीची होडी जाळ्याच्या दोराचं एक टोक किनाऱ्यावरच्या माणसांच्या हाती देते आणि पाण्यात शिरते. अर्धवर्तुळात जाळं सोडत सोडत ती बरंच अंतर राखून पुन्हा किनाऱ्याला लागते. मग दोन्ही टोकांच्या दोरांना माणसं भिडतात. पाय वाळूत रुतवून, मागे रेलून ओढायचं. दोन्ही रांगा हळूहळू एकमेकींकडे सरकतात आणि शेवटी मासळीनं भरलेलं मधलं जाळं काठावर येतं. हे काम दोघा-चौघांचं नव्हे, त्याला पंचवीस-तीस जणांचं बळ लागतं. जाळंही सहसा एकट्याच्या मालकीचं नसतं, अनेक घरांनी मिळून केलेलं असतं. त्यामुळे मासळीचे वाटे पडतात: जाळ्याचा वाटा, होडीचा वाटा, ओढणाऱ्यांचा वाटा. आयत्या वेळी दोराला हात लावणाऱ्यालाही कालवणापुरते मासे मिळतात. मालवण-वेंगुर्ल्याकडच्या गाबीत वाड्यांत आणि गोव्यातल्या हिंदू व ख्रिस्ती खारव्यांत थोड्याफार फरकानं हीच रीत.

या पद्धतीची ताकद आणि तिचं दुबळेपण एकाच गोष्टीत आहे. रापण माशाच्या मागे जात नाही, मासा किनाऱ्याला येण्याची वाट पाहते. म्हणून ती समुद्र ओरबाडत नाही. पण वाटेतच कोणी मासा उचलला, तर रापणकाराच्या हाती रिकामं जाळं येतं. त्याला दुसरीकडे जायला वाव नाही.

गोवा १९६१ साली मुक्त झाला आणि त्यानंतर नेमकं हेच सुरू झालं. मासळीचं उत्पादन वाढवायचं, कोळंबी निर्यात करून परकीय चलन मिळवायचं, हे तेव्हाचं देशाचं धोरण होतं. यांत्रिक नौकांसाठी कर्जं आणि अनुदानं मिळू लागली. ट्रॉलर आपलं जाळं समुद्राच्या तळावरून फरफटत नेतो. कोळंबी मुख्यतः किनाऱ्याजवळच्या चिखलाळ तळाशी असते, म्हणून खोल पाण्यात जाऊ शकणारे ट्रॉलरही किनाऱ्याला खेटून फिरू लागले. अंडी, पिलं, तळावरचे जीव, सगळंच त्या जाळ्यात यायचं. पुढे सत्तरच्या दशकात पर्ससीन आली. हे जाळं माशांच्या झुंडीभोवती गोल सोडतात आणि खालच्या कड्यांतून ओवलेली दोरी खेचली की बटव्याचं तोंड आवळावं तसं ते तळाकडून बंद होतं. अख्खी झुंड एका फेरीत आत. यातल्या बऱ्याच नौकांचे मालक पिढीजात मच्छीमार नव्हते, हातात भांडवल असलेले इतर लोक होते. खारवीवाड्यांतल्या रागाचं ते एक मोठं कारण होतं.

माथानी साल्ढाणा पेशानं शिक्षक. मुरगाव तालुक्यातल्या कासावली-वेळसांव-कुठ्ठाळी या किनारपट्टीशी त्यांचं सार्वजनिक आयुष्य जोडलेलं होतं. तिथला पहिला मोठा झगडा ट्रॉलरशी झाला नाही, तो झाला सांकवाळच्या खत कारखान्याशी. हा कारखाना १९७३ साली सुरू झाला आणि थोड्याच काळात वेळसांवच्या समुद्रात मेलेली मासळी तरंगू लागली. सांडपाण्यानं विहिरी आणि माडही खराब झाल्याच्या तक्रारी येऊ लागल्या. गावकरी आणि मच्छीमार रस्त्यावर उतरले. साल्ढाणांचं नेतृत्व याच आंदोलनात पुढे आलं. पर्यावरण हा विषय तेव्हा शाळेच्या पुस्तकातही धड नव्हता. पण ज्याच्या पोटाचा प्रश्न होता त्याला पाण्यात काय सुटलंय हे कळायला पुस्तकाची गरज नव्हती. गोव्यातल्या पुढच्या अनेक लोकआंदोलनांचा हा पहिला धडा मानला जातो.

त्यातून बांधली गेलेली माणसं ट्रॉलरच्या प्रश्नावर एकत्र आली आणि ‘गोंयच्या रापणकारांचो एकवट’ ही संघटना उभी राहिली. रापणकार तोवर गावागावांत विखुरलेला होता. एका गावाची रापण दुसऱ्या गावाच्या हद्दीत लागली तर भांडण ठरलेलं. साल्ढाणांचं संघटनकौशल्य इथं दिसतं. कोणती जागा कोणाची हा आपसातला वाद बाजूला ठेवून त्यांनी सगळ्यांना एकाच मागणीवर आणलं: किनाऱ्यापासून ठरावीक अंतरात यांत्रिक नौकांनी मासेमारी करायची नाही. पणजीवर मोर्चे गेले, धरणी झाली, उपोषणं झाली. दुसरीकडे समुद्रातही ठिणग्या उडत होत्या. ट्रॉलरनं जाळी फाडायची आणि मच्छीमारांनी ट्रॉलर अडवायचे, यातून हाणामाऱ्या आणि जाळपोळीपर्यंत प्रकरणं गेली.

गोव्यासारख्या चिमुकल्या प्रदेशाचं, तेही केंद्रशासित, दिल्लीत कितीसं चालणार? पण केरळ आणि तमिळनाडूच्या किनाऱ्यांवरही हाच संघर्ष पेटला होता. १९७८ साली निरनिराळ्या राज्यांतल्या पारंपरिक मच्छीमारांच्या संघटनांनी एक राष्ट्रीय मंच स्थापन केला. पुढे तो ‘नॅशनल फिशवर्कर्स फोरम’ म्हणून ओळखला जाऊ लागला. त्याचं अध्यक्षपद साल्ढाणांकडे आलं. एका छोट्या किनाऱ्यावरचा कार्यकर्ता आता साऱ्या देशाच्या मच्छीमारांच्या वतीनं बोलत होता.

कायद्याची गुंतागुंत इथं समजून घ्यायला हवी. किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांपर्यंतच्या पाण्यातली मासेमारी हा राज्यघटनेनुसार राज्यांचा विषय आहे, त्यापलीकडची केंद्राचा. त्यामुळे दिल्लीनं फार तर नमुना द्यायचा आणि कायदा ज्या त्या सरकारनं करायचा. मासेमारीची क्षेत्रं आखून देण्यासाठी केंद्रानं १९७६ साली मजुमदार समिती नेमली होती. तिच्या कामातून नमुना विधेयक तयार झालं आणि ते राज्यांकडे गेलं. किनाऱ्यावरचा दबाव जिथं जास्त होता तिथं हालचाल आधी झाली. केरळ आणि गोवा यांनी १९८० साली कायदे केले, महाराष्ट्राचा सागरी मासेमारी नियमन अधिनियम १९८१ चा. गोव्यात किनाऱ्यापासून पाच किलोमीटरचा पट्टा पारंपरिक मच्छीमारांसाठी राखला गेला. महाराष्ट्रानं अंतराऐवजी पाण्याची खोली धरली आणि वावांत मोजून हद्दी ठरवल्या.

यांत्रिक नौकांचे मालक अर्थातच गप्प बसले नाहीत. हा व्यवसाय करण्याच्या मूलभूत हक्कावर घाला आहे, असं म्हणत ठिकठिकाणी ते न्यायालयात गेले. केरळच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं १९९३ साली निकाल दिला. गरीब मच्छीमारांची उपजीविका आणि मत्स्यसाठा यांच्या रक्षणासाठी राज्य सरकार पर्ससीनसारख्या जाळ्यांवर बंदी घालू शकतं, असं त्यात मान्य झालं. रस्त्यावरच्या मागणीवर शेवटी न्यायालयाचीही मोहोर उमटली.

साल्ढाणांची राजकारणाची वाट मात्र सरळ नव्हती. २००२ साली ते युनायटेड गोवन्स डेमोक्रॅटिक पार्टी या प्रादेशिक पक्षातर्फे कुठ्ठाळीतून निवडून आले आणि मनोहर पर्रीकरांच्या मंत्रिमंडळात गेले. पुढे गोव्याला विशेष दर्जा मिळावा, इथली जमीन इथल्या माणसाच्या हाती राहावी, यासाठीच्या चळवळीचं नेतृत्व त्यांनी केलं. मार्च २०१२ मध्ये ते भाजपच्या उमेदवारीवर पुन्हा निवडून आले आणि पर्यटनमंत्री झाले. ख्रिस्ती मच्छीमारांचा नेता भाजपकडून उभा राहतो, हे त्यांच्या अनेक जुन्या सोबत्यांच्या पचनी पडलं नाही. शिवाय खातं पर्यटनाचं. ज्या वाळूवर रापण ओढायची आणि जाळी वाळवायची, त्याच वाळूवर शॅक, हॉटेलं आणि खुर्च्या येतात. या दोन्ही बाजूंचा मेळ रापणकारांचा नेता कसा घालतो, हे पाहण्यासारखं होतं. ती संधी मिळालीच नाही. शपथविधीला दोन आठवडेही झाले नव्हते, तोच २१ मार्च २०१२ रोजी त्यांचं निधन झालं. पोटनिवडणुकीत त्यांच्या पत्नी एलिना साल्ढाणा बिनविरोध निवडून आल्या.

मग पाच किलोमीटरच्या त्या पट्ट्याचं काय झालं?

कागदावर तो आहे. आणखीही काही गोष्टी मिळाल्या. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै अशी ६१ दिवसांची पावसाळी मासेमारीबंदी असते. किनारी नियमन क्षेत्राच्या २०११ च्या अधिसूचनेत गोव्यासाठी स्वतंत्र तरतुदी झाल्या. रात्री प्रखर दिवे लावून मासे गोळा करणारी एलईडी मासेमारी आणि दोन नौकांनी मिळून एक जाळं ओढण्याची बुल ट्रॉलिंग, या दोन्हींवर केंद्रानं २०१७ साली बंदी घातली. महाराष्ट्रानं २०१६ साली पर्ससीनला सप्टेंबर ते डिसेंबर एवढेच महिने ठरवून दिले. २०२१ साली तर कायद्यात दुरुस्ती करून दंड लाखांच्या घरात नेला आणि आधी तहसीलदारांकडे असलेली सुनावणी मत्स्यव्यवसाय खात्याच्या अधिकाऱ्यांकडे दिली.

तरीही मासळीच्या हंगामात सिंधुदुर्गातलं वर्तमानपत्र उघडलं तर परराज्यांतल्या हायस्पीड ट्रॉलरची घुसखोरी ही बातमी हटकून सापडते. गोव्यातही एलईडी दिव्यांविरुद्ध मोर्चे निघतच असतात. दुखणं अंमलबजावणीचं आहे. रात्रीच्या काळोखात, भर समुद्रात, गस्तीनौका एक आणि नियम मोडणारे अनेक. नौका पकडली तरी ती नेमकी किती अंतरावर होती, हे सिद्ध करायचं असतं. त्यात खात्याची गोची वेगळीच. ज्या यांत्रिक नौकांना सरकार डिझेलवरच्या कराचा परतावा देतं, त्यांच्यावरच कारवाईही त्याच खात्यानं करायची.

आणखी एक गुंता साल्ढाणांच्या काळी एवढा नव्हता. तेव्हा एका बाजूला रापणकार आणि दुसऱ्या बाजूला भांडवलवाले अशी वाटणी बरीच स्पष्ट होती. आता अनेक मच्छीमार कुटुंबांनीच कर्ज काढून यांत्रिक नौका घेतल्या आहेत, आणि कोकणात मिनी पर्ससीनवाला बहुधा त्याच वाडीतला असतो. त्याच्याही डोक्यावर बँकेचे हप्ते आहेत, आणि शहरांच्या बाजारातली मासळी त्याच्या नौकांतूनच येते. पारंपरिक म्हणवणाऱ्या होड्यांनाही मागे इंजिन लागलं. रापणी कमी झाल्या, कारण ओढायला माणसं मिळत नाहीत. पोरं शिकून जहाजावर, हॉटेलांत किंवा परदेशी गेली आणि ट्रॉलरवर काम करणारे हात झारखंड, ओडिशाकडून येऊ लागले. आता समाजात फिरून एका मागणीवर सगळ्यांच्या सह्या घेणं पूर्वीइतकं सोपं उरलेलं नाही.

मोजमापाचा प्रश्न मात्र आता सुटण्याजोगा आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये पालघरला केंद्राच्या एका योजनेची सुरुवात झाली. इस्रोनं विकसित केलेले ट्रान्सपॉन्डर देशभरातल्या एक लाख मासेमारी नौकांवर मोफत बसवायचे, असं तिचं उद्दिष्ट आहे. वादळाची सूचना, संकटात मदत आणि संपर्क ही त्या यंत्राची जाहीर कामं. पण नौका कुठं आहे हे ज्या यंत्राला कळतं, त्याला ती पाच किलोमीटरच्या आत आहे की बाहेर हेही कळतं. सुरक्षेसाठी बसवलेल्या या यंत्राची नोंद घुसखोरीच्या सुनावणीत पुरावा म्हणून चालवायची का, हे तंत्रज्ञ ठरवू शकत नाहीत. समुद्रातले नियम राज्यांचे असल्यानं तो निर्णय पणजी आणि मुंबईत घ्यावा लागेल, आणि त्यासाठी किनाऱ्यावरच्या आमदारांना आधी आपल्याच मतदारसंघातल्या ट्रॉलरमालकांशी बोलावं लागेल.