इसबाची खाज रात्रीच का वाढते? जाणून घ्या कारणे आणि उपाय

मालवण : दिवसभर मासळी निवडताना, काजू फोडताना हाताची खाज फारशी जाणवत नाही. दिवे मालवले, की मात्र झोप उडते. इसब म्हणजेच एक्झिमा असलेल्या अनेकांचा हा अनुभव आहे.

रात्रीच का?
दाह आटोक्यात ठेवणारे कॉर्टिसॉल हे संप्रेरक रात्री कमी होते. त्वचेचे तापमान वाढते, तिच्यातला ओलावाही जास्त उडतो. मन गुंतवायला काम नसते. खाजवले, की त्वचा सोलवटते, दाह वाढतो आणि पुन्हा खाज सुटते.

किनाऱ्यावर भर कशाची?
दमट हवेतला घाम, बर्फाच्या पाण्यात भिजणारे हात, काजूच्या टरफलातला चीक.

काय कराल?
कोमट पाण्याने झटपट अंघोळ करा. अंग टिपून, ओलसर असतानाच मॉइश्चरायझर लावा. नखे कापा, सुती कपडे घाला. खाज आली, तर थंड ओला फडका ठेवा.

काय टाळाल?
दुकानातून परस्पर आणलेली स्टिरॉइडमिश्रित मलमे. त्यांनी त्वचा पातळ होते. गजकर्ण असेल, तर ते पसरते. २०१८ मध्ये केंद्र सरकारने अनेक स्टिरॉइड क्रीमसाठी डॉक्टरांची चिठ्ठी बंधनकारक केली. डॉक्टरांनी दिलेले मलम मात्र घाबरून अर्धवट सोडू नका.

इसब की खरूज?
घरातल्या इतरांनाही रात्री खाज सुटत असेल, तर खरूज असू शकते. तिचे उपचार सर्वांनी एकाच वेळी घ्यावे लागतात.

पू किंवा ताप आल्यास लगेच दवाखाना गाठा. तिथे चट्टे दाखवाच, पण रात्री किती वेळा जाग येते, हेही सांगा.