अष्टागरातील परसबाग : भूछादक वनस्पती, नेचे आणि त्यांची नावे

अलिबाग व त्याच्या आसपासची किनाऱ्यावरील गावे 'अष्टागर' या नावाने ओळखली जातात. यातील 'आगर' शब्दाचे मराठीत दोन अर्थ आहेत : नारळी-पोफळीची बाग आणि मीठ पिकविण्याची जागा. गोव्यातील 'कुळागर' या शब्दात पहिला अर्थ दिसतो, 'मिठागर' या शब्दात दुसरा. एरवी परस्परांपासून दूर वाटणारे हे अर्थ अष्टागरात एकाच भूमीची दोन अंगे होत. कारण बागेपासून खारे पाणी येथे फारसे दूर नसते. अशा ठिकाणी नव्या घरामागील परसात जमीन झाकणाऱ्या बुटक्या वनस्पती, म्हणजे भूछादके, आणि नेचे कसे लावावेत व त्या निवडीत मराठी नावे कितपत साह्यभूत होतात, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

किनाऱ्यालगतची जमीन वाळूमिश्रित असल्याने तीत पाणी टिकत नाही. वर्षाचा बहुतेक पाऊस जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो आणि उन्हाळ्याच्या अखेरीस समुद्रानजीकच्या काही विहिरींचे पाणी मचूळ होते. म्हणून परसाचे तीन भाग मनाशी स्पष्ट करावेत : उघडे ऊन, माडा-पोफळीखालची सावली आणि विहिरीकडची ओल. हरळीला ऊन लागते. सावलीत ती विरळ होत जाते, आणि तेथे हिरवळीचा अट्टाहास धरणे म्हणजे पाण्याचा अपव्यय होय.

वनस्पतीचे स्थान काही नावांतच सांगितलेले असते. पुळणीवर पसरणाऱ्या, जांभळ्या फुलांच्या वेलीस 'मर्यादवेल' म्हणतात. लाटांची धाव संपते आणि भूमी सुरू होते ती रेषा तिच्यामुळे दिसते. वाळू धरून ठेवणे हे तिचे कार्य असल्याने ती समुद्राकडील उघड्या कडेस योग्य, माडाखाली नव्हे.

परंतु नावे फसवितातही. 'ब्राह्मी' या एका नावाने दोन भिन्न वनस्पती ओळखल्या जातात. पहिली मंडूकपर्णी किंवा कारिवणा, म्हणजे सेंटेला एशियाटिका. तिची पाने वाटोळी असून तिला ओलसर सावली मानवते. दुसरी नीरब्राह्मी, म्हणजे बाकोपा मोनिएरी. तिची पाने लहान व मांसल असून ती पाणथळ जागेत वाढते व थोडा खारेपणाही सोसते. 'मयूरशिखा' या नावाचीही तीच गत आहे. पंख्याच्या आकाराचा, भिंतीच्या कोरड्या फटीत तगणारा नेचा आणि हंसराजाच्या कुळातील नेचा या दोहोंस ते लाविलेले आढळते. तेव्हा रोप घेताना नावाबरोबर 'हे कोठे उगवते?' हा प्रश्नही विचारणे आवश्यक ठरते.

नेच्यांना फूल नाही, बी नाही. पानांच्या पाठीवरील तपकिरी ठिपक्यांतून बीजुके सुटतात, त्यांपासून सूक्ष्म हिरवे पातळ पापुद्रे उगवतात आणि त्यांच्यावर होणाऱ्या फलनास पाण्याचा पातळ थर लागतो. विहिरीच्या दगडी काठावर हंसराज आपोआप उगवतो, याचे कारण हेच. झाडाच्या खोडावर किंवा खडकावर राहणाऱ्या नेच्यास नवरदेवाच्या शिरोभूषणावरून 'बाशिंग' हे नाव मिळाले आहे. त्याला मातीत पुरू नये.

लागवड पहिला पाऊस जमिनीत मुरल्यावर करावी. वाळूत कुजलेला पालापाचोळा व शेणखत मिसळावे. नारळाची सोडणे खाली पुरल्यास ओल टिकते. मंडूकपर्णीचे मुळे फुटलेले तुकडे सुमारे वीतभर अंतरावर लावावेत; नेच्यांमध्ये सुमारे हातभर अंतर ठेवावे. नेच्याचे मूलक्षोड पृष्ठभागालगतच राहू द्यावे, कारण खोल पुरल्यास ते कुजते. पाऊस सरल्यानंतर हंसराजाची पाने वाळतात. ते मृत्यूचे चिन्ह समजून रोप उपटू नये. मूलक्षोड जिवंत असल्यास जूनमध्ये नवी पाने येतात.

शेवटी निनावी वनस्पतींविषयी. अनोळखी नाव एवढ्यावरून कोणतीही वनस्पती त्याज्य ठरत नाही. रेवदंडा व चौल 1740 पर्यंत पोर्तुगीजांकडे होते. त्यांच्यामार्फत आलेल्या काजू, पपई, अननस या झाडांबरोबर त्यांची नावेही मराठीत रुजली. मात्र पिवळ्या फुलांचे, झपाट्याने पसरणारे वेडेलिया हे मूळचे उष्ण कटिबंधीय अमेरिकेतील भूछादक जगातील 100 अत्यंत उपद्रवी आक्रमक जातींच्या यादीत आहे, आणि रोपवाटिकेतून घरी येताना त्याच्या नावात ही सूचना नसते. स्थानिक नावामागे त्या वनस्पतीबरोबर पिढ्यान्‌पिढ्यांचा सहवास असतो. नव्या परसातून कारिवणा व हंसराज नाहीसे झाले, तर त्यांच्याविषयीचे ज्ञान सांगणारे शब्दही कोशापुरते उरतील. या दोन्ही वनस्पती परसात राखणे हे म्हणूनच भाषेच्या अभ्यासकाच्याही आस्थेचे कार्य होय.