एक संगणक, दोन लेखनिक

रायगड जिल्ह्याचा नकाशा उघडा आणि दिघी हे गाव शोधा. राजपुरीच्या खाडीच्या मुखाशी, दक्षिण काठावर, श्रीवर्धन तालुक्यात ते सापडेल. आता ‘दिघी’ हा शब्द नीट पाहा. डोळ्यांना सर्वांत आधी दिसते ती पहिली वेलांटी. ‘द’ तिच्यानंतर दिसतो. उच्चारात मात्र ‘द्’ आधी आणि ‘इ’ नंतर. हा फरक तुम्हाला क्षुल्लक वाटेल. पण संगणकावरचे जुने मराठी लेखन नव्या संगणकात का वाचता येत नाही, या कोड्याची किल्ली त्यातच आहे.

समजा, दिघीच्या एखाद्या शाळेत १९९८ सालच्या हस्तलिखिताची फाईल असलेली सीडी सापडली. त्यात खाडीतल्या मासेमारीच्या आठवणी आहेत, पण त्या सांगणारी माणसे आज हयात नाहीत. फाईल नव्या संगणकात उघडली, तर पडद्यावर रोमन अक्षरे आणि चित्रविचित्र खुणा यांची खिचडी! फाईल बिघडली का? नाही. मग झाले काय?

संगणक अक्षरे साठवत नाही, आकडे साठवतो. कोणत्या आकड्याचे कोणते अक्षर, हे आधी ठरवावे लागते. पूर्वीच्या फॉन्टमध्ये बहुधा २५६ घरे असत. ती मूळची रोमन अक्षरांसाठी. मराठी फॉन्ट करणाऱ्यांनी त्याच घरांत अर्धी अक्षरे, काना, वेलांट्या, रफार असे तुकडे बसवले. पुण्यात तयार झालेली ‘श्रीलिपी’ आणि तिच्यासारख्या इतर आज्ञावल्यांनी मराठी छपाईचे काम फार सोपे केले. अडचण एवढीच, की प्रत्येकाची घरांची वाटणी निराळी. एकाच्या घरात ‘क’, तर दुसऱ्याच्या त्याच घरात वेलांटी. तो विशिष्ट फॉन्ट नसेल, तर संगणक त्या घरातले मूळचे रोमन अक्षर दाखवून मोकळा होतो.

सर्वांसाठी एकच वाटणी असावी म्हणून भारतात ‘इस्की’ हे मानक तयार झाले. भारतीय मानक ब्यूरोने ते १९९१ साली स्वीकारले. जगातील सर्व लिप्यांसाठी असलेल्या ‘युनिकोड’ची पहिली आवृत्तीही त्याच वर्षीची. युनिकोडमध्ये देवनागरीला २३०४ ते २४३१ हे आकडे मिळाले आणि साठवण्याचा क्रम उच्चाराप्रमाणे ठरला. म्हणून ‘दिघी’ असा साठतो: द २३४२, पहिली वेलांटी २३६७, घ २३२८, दुसरी वेलांटी २३६८. जुन्या फॉन्टमध्ये मात्र दिसते तसा क्रम. वेलांटी आधी, ‘द’ नंतर.

याचा पडताळा स्वतः घ्या. युनिकोडमध्ये ‘दिघी’ टंकून शेवटी उभे राहा आणि मागचे अक्षर पुसण्याची कळ एकेकदा दाबा. बहुतेक संगणकांवर आधी दुसरी वेलांटी जाईल, मग ‘घ’. तिसऱ्या वेळी ‘द’ जागच्या जागी राहून त्याच्या डावीकडची वेलांटी नाहीशी होईल!

आता आपल्या सीडीकडे वळू. येथे दोन लेखनिक लागतात: जुनी आज्ञावली वाचण्यासाठी, नवी लिहिण्यासाठी. दोघांना एकाच संगणकात नांदवता येते, पण काही पथ्ये पाळावी लागतात.

पहिले पथ्य: मूळ फाईलची प्रत करा आणि काम प्रतीवरच करा. नव्या आज्ञावलीने मूळ फाईल साठवली, तर जुनीला ती पुन्हा उघडता येईलच असे नाही. ‘वर्ड’चेच पाहा. २००७ च्या आवृत्तीपासून तिच्या फाईलची रचनाच बदलली. त्यापूर्वीच्या आवृत्त्यांना जोड-आज्ञावलीवाचून ती उलगडत नाही.

दुसरे: एकाच आज्ञावलीच्या दोन आवृत्त्या बसवायच्या असतील, तर जुनी आधी आणि नवी नंतर, वेगवेगळ्या फोल्डरमध्ये बसवा. कोणत्या प्रकारची फाईल कोणी उघडायची याची नोंद संगणकात असते. सहसा शेवटी आलेला त्या नोंदीत आपले नाव लिहितो. म्हणून फाईलवर टिचकी न मारता आधी हवी ती आज्ञावली सुरू करा आणि तिच्यातून फाईल उघडा.

तिसरे: फार जुनी आज्ञावली नव्या संगणकात चालेलच असे नाही. १६ बिटांच्या काळातील आज्ञावली ६४ बिटांच्या विंडोजमध्ये थेट चालत नाही. तेव्हा संगणकाच्या आत एक ‘आभासी संगणक’ तयार करतात आणि त्यात जुनी विंडोज चालवतात. जणू मोठ्या घरात आजोबांची खोली जशीच्या तशी ठेवलेली!

यानंतर रूपांतर. त्यासाठी आज्ञावल्या मिळतात, पण केवळ आकड्याला आकडा बदलून भागत नाही; क्रमही बदलावा लागतो. ‘श्रीवर्धन’ पाहा. रफार दिसतो ‘ध’वर, म्हणून जुन्या फाईलमध्ये तो सहसा ‘ध’च्या नंतर. युनिकोडमध्ये ‘र’ आणि हलन्ताची खूण ‘ध’च्या आधी येतात. म्हणजे वेलांटी एक घर मागे सरकवायची आणि रफार पुढे आणायचा. मधेच एखादा इंग्रजी शब्द असेल, तर रूपांतर करणारी आज्ञावली त्यालाही मराठी समजून त्याचा चुथडा करते.

म्हणूनच रूपांतर झाले की जुन्या लेखनिकाला लगेच निरोप देऊ नका. जुने पान एका बाजूला आणि नवे दुसऱ्या बाजूला ठेवून ओळीने ताडून पाहा. विशेषतः माणसांची व गावांची नावे, आकडे आणि जोडाक्षरे. चूक झाली आहे की नाही, हे सांगणारा साक्षीदार तेवढा एकच असतो.

कागद भिजला तर डोळ्यांना दिसते. फाईल मात्र वरून धडधाकट असते आणि आतून मुकी झालेली असते. ती उघडेपर्यंत कोणाच्या ध्यानातही येत नाही. तुमच्या शाळेच्या कपाटात अशा जुन्या सीडी आहेत का? शिक्षकांच्या मदतीने एक यादी करा: फाईलचे नाव, वर्ष, फॉन्ट, आज्ञावली. जुनी आज्ञावली चालवू शकणारा संगणक अजून हाताशी आहे, तोवरच हे काम उरकायला हवे.