दारू सोडताना श्रद्धा काय करते?

अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस ही दारू सोडू पाहणाऱ्यांची संघटना १९३५ साली अमेरिकेतल्या अ‍ॅक्रन शहरात सुरू झाली. तिच्या बारा पायऱ्यांतली पहिलीच मान्य करायला लावते, की दारूपुढे आपलं काही चालत नाही. ही शरणागती दुबळेपणाची वाटते. मला तिच्यातच बळ दिसतं, कारण ‘मनात आणलं की सोडीन’ हा अहंकारच माणसाला पुन्हा गुत्त्यावर नेतो. वैद्यकीय संशोधन पडताळणाऱ्या कोक्रेन संस्थेच्या २०२० च्या आढाव्यात २७ अभ्यास तपासले गेले. दारूपासून पूर्ण दूर राहण्यात या पायऱ्यांवर बेतलेले उपचार इतर मानसोपचारांपेक्षा सरस दिसले. पण या पायऱ्या देवावर भार टाकायला सांगतात, मग नास्तिकानं काय करावं? आक्षेप रास्त आहे. पण इथला देव ज्याचा त्यानं ठरवायचा. अनेकांना समूहच पुरतो, आणि संशोधकही नव्या सोबत्यांचा वाटा मोठा मानतात. दारू अचानक तोडल्यावर येणारे झटके मात्र डॉक्टरांनीच सांभाळायचे. तिथे नुसत्या प्रार्थनेवर विसंबणं जिवावर बेतू शकतं.